तंजावरला दादाबरोबर

गाडीत बसल्याबसल्या मला ती फाइल दिसली. निळी, प्लास्टिकची, बटणाची. पुढच्या सीटच्या पाठीला जो खिसा असतो त्यात पाण्याच्या बाटलीशेजारी खोचलेली. दादाने ती लपवली नव्हती आणि दाखवलीही नव्हती. मी खिडकीबाहेर बघायला लागले. तो म्हणाला, "एसी जास्त वाटला तर सांग."

दादा तिरुचीला एकतीस वर्षं होता. कारखान्यातली नोकरी, मग निवृत्ती, मग ‘बघू’ म्हणत आणखी दोन वर्षं. आता वहिनी पुण्यातला फ्लॅट लावायला पुढे गेली होती आणि हा सामान बांधायला मागे राहिला होता. जानेवारीच्या शेवटी त्याचा फोन आला, "चिमे, घर बंद व्हायच्या आत चार दिवस ये. तुला तंजावर दाखवतो." एवढ्या वर्षांत मी तिरुचीला दोनदाच गेले होते आणि दोन्ही वेळा तंजावर राहून गेलं होतं. त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो तंजावर दाखवायचा. त्याचा मार्ग ठरलेला, गोष्टी ठरलेल्या, जेवायचं हॉटेलसुद्धा ठरलेलं. मलाच तेवढं दाखवायचं राहिलं होतं.

मी ‘येते’ म्हटलं, पण फोन ठेवल्यावर मला कळलं होतं की तंजावरबरोबर आणखी काहीतरी दाखवायचं आहे.

साताऱ्याकडे आमची सव्वादोन एकर जमीन आहे, एका विहिरीत निम्मा हिस्सा आहे आणि गावात दोन खणांचं घर आहे. अण्णा गेले त्याला पाच वर्षं झाली, आई गेली त्याला दीड. वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली. आता पुढची पायरी, जी आमच्याकडे घरोघरी ठरलेली असते. बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यायचं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो आणि अंगठा, दुपारी गोडाचं जेवण, संध्याकाळी साडीचोळी. माझ्या दोन्ही आत्यांनी अण्णांना असंच लिहून दिलं होतं. त्या दिवशी पुरणपोळ्या होत्या. मी नऊ वर्षांची होते. धाकटी आत्या पोळीला हात न लावता उठली, पोट बिघडलंय म्हणाली, आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. तिच्या वाटची पोळी मी खाल्ली.

मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली होती त्यांना वगळून. माझं लग्न १९९१ चं. मग २००५ साली देशभराचा कायदा आला आणि माझ्यासारख्याही त्यात आल्या. म्हणजे कायदा दोनदा बदलला. पुरणपोळी बदलली नाही. दादाने वकिलाकडून मसुदा करून घेतला होता आणि गेले आठ महिने तो फोनवर विचारत होता, "मेल बघितलीस का?" मी म्हणायचे, "बघते रे." मग नेटवर्क जायचं. कधीकधी खरोखरच जायचं.

तिरुचीहून तंजावर पंचावन्न-साठ किलोमीटर. शहर सुटलं की दोन्ही बाजूंना कावेरीच्या पाण्यावरचं भात. पोंगल नुकता झालेला, कापण्या चालू होत्या. कुठे शेतात यंत्र फिरत होतं, कुठे रस्त्याच्या कडेला साळी वाळत घातल्या होत्या आणि एक बाई पायाने त्यांत रेघा ओढत चालली होती. ड्रायव्हर पंचविशीतला मुलगा. दादा त्याला ‘तंबी’ म्हणून हाक मारत होता. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तिकडे कुणालाही नात्याने हाक मारतात, वयाने मोठा तर अण्णा, लहान तर तंबी. मी म्हटलं, बरं आहे, नातं सांगून झालं की पत्ताही तितक्याच सहज विचारता येतो. दादा हसला. त्या दिवसातलं आमचं ते पहिलं हसू, कॉफी प्यायच्या आधीचं.

*

बृहदीश्वराच्या आवारात सकाळी लवकर जायचं हे दादाचं पहिलं शास्त्र. दगडाची फरसबंदी, चपला बाहेर काढायच्या. दहाच्या पुढे पाय भाजतात. दोन गोपुरं ओलांडली की एकदम मोकळं अंगण आणि मधोमध ते विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर. साठ मीटरच्या आसपास उंच, सगळं ग्रॅनाइटचं. राजराज चोळाने ते १०१० साली पुरं केलं. मला मोठ्या देवळांची सवय नाही. आपल्याकडची हेमाडपंती देवळं बसकी, अंधारी, माणसाला जवळ घेणारी. हे देऊळ जवळ घेत नाही. ते लांबून बघतं आणि आपल्याला आपली मापं सांगतं.

दादा सुरू झाला. दोनशे सोळा फूट. वरचा दगड ऐंशी टनांचा, तो चढवायला सहा किलोमीटर लांबीचा उतार बांधला. आणि मुख्य म्हणजे, चिमे, या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही.

सकाळचे पावणेआठ झाले होते. शिखराची सावली पश्चिमेला अंगणभर लांबच लांब पडली होती. आम्ही तिच्यातच उभे होतो, कारण तिथे पायाला गार लागत होतं.

"मग हे काय आहे?" मी विचारलं.

दादाने खाली बघितलं. मग वर बघितलं. "दुपारी पडत नाही," तो म्हणाला.

"दुपारी कुणाचीच पडत नाही."

एकतीस वर्षं त्याने ही गोष्ट पाहुण्यांना सांगितली असणार, याच सावलीत उभं राहून. कुणी खाली बघितलं नसेल असं नाही, पण यजमानाला कोण बोलणार? तो थोडा खट्टू झाला. मलाही वाईट वाटलं, आणि त्या भरात मी नंदीजवळच्या एका म्हाताऱ्या गाईडला थांबवलं, म्हणजे दादाला पुढचं काही सांगावं लागणार नाही. दादाने आयुष्यात कधी गाईड केला नव्हता. तो हात मागे बांधून दोन पावलं लांबून चालू लागला.

गाईड इंग्रजी बोलत होते, अगदी सावकाश, शाळामास्तरासारखं. त्यांनी आम्हाला शिखराकडे बघूच दिलं नाही. जोत्याकडे नेलं. कमरेच्या उंचीपासून खाली, दगडाच्या प्रत्येक पट्टीवर तमिळ अक्षरं कोरलेली, पट्टी संपली की वळण घेऊन पुढच्या भिंतीवर. हे सगळे हिशोब आहेत, ते म्हणाले. कुणी काय दिलं, किती वजनाचं दिलं, कुठल्या गावचं भात कुणाला मिळायचं. राजराजाची सुरुवातीची आज्ञा अशी की मी दिलेलं, माझ्या थोरल्या बहिणीने दिलेलं, माझ्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं या विमानाच्या दगडावर कोरा. त्याच क्रमाने. आधी मी, मग बहीण, मग राण्या.

"अक्कन," ते एका अक्षरसमूहावर बोट न टेकवता, हवेतच फिरवत म्हणाले. बहीण म्हणजे कुंदवै. अक्कन म्हणजे आपली अक्का.

मी तो शब्द शोधायचा प्रयत्न केला. मला तमिळ अक्षर ओळखीचं नाही. तरी बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, तिने मला जास्त धरलं. राजराजाने ठिकठिकाणच्या देवळांतून चारशे नर्तकी इथे आणवल्या आणि देवळाभोवतीच्या रस्त्यांवर वसवल्या. त्या चारशे बायकांची नावं कोरलेली आहेत. नुसती नावं नाहीत, कुठल्या देवळातून आली, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या ओळीत, कितवं घर. प्रत्येकीला एक वाटा. एक वाटा म्हणजे वर्षाला शंभर कलम भात. एखादी मेली किंवा गाव सोडून गेली, तर तिचा वाटा तिच्या जवळच्या नात्यातल्या लायक माणसाला.

देवदासींच्या आयुष्याचं मला काही गोजिरवाणं चित्र रंगवायचं नाही. त्यांना कुणी विचारून आणलं असेल असं वाटत नाही. पण हजार वर्षांपूर्वीच्या या कारकुनीत चारशे बायकांपुढे घर नंबर आहे आणि वाट्याचा आकडा आहे, आणि माझ्या आत्यांच्या नावापुढे गावच्या फेरफारात ‘हक्क सोडला’ एवढंच आहे. मी मागे वळून दादाकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये होता. ऐकत होता की नाही कोण जाणे.

*

मराठी शिलालेख मात्र त्याचा. तो दाखवायला त्याने पुन्हा पुढाकार घेतला आणि गाईडना पैसे देऊन निरोप दिला. आवाराच्या नैऋत्येला, ओवरीच्या भिंतीवर, देवनागरीत, बारीक, एकसलग. भोसल्यांच्या वंशाचा इतिहास, १८०३ साली कोरलेला, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात. इथे येणारा प्रत्येक मराठी माणूस या भिंतीपुढे फोटो काढतो. आम्हीही काढला. आजूबाजूला सगळी तमिळ कुटुंबं, त्यांच्या दृष्टीने ही एक खरखरीत भिंत. एका बाईने बाळाला आधाराला तिथे उभं केलं होतं, त्याचा तळवा बरोबर अक्षरांवर.

मी वाचायला गेले. अक्षर ओळखीचं असूनही वाचता येईना. शब्द तोडलेले नाहीत, मजकूर सावलीत, काही ठिकाणी झिजलेला. दोन-तीन शब्द लागले की चौथा निसटायचा. मराठी असून मला ते तमिळपेक्षा फार जवळचं झालं नाही, हे कबूल करायला हवं. दादा शेजारी उभा राहून अभिमानाने म्हणाला, "एवढं मोठं मराठीत दगडावर दुसरीकडे कुठे बघितलंस?"

मी नव्हतं बघितलं. पण मला तारखेने विचारात पाडलं. सरफोजींनी राज्य इंग्रजांच्या हवाली केलं ते १७९९ च्या तहाने. त्यांच्याकडे उरला तंजावरचा किल्ला, महसुलातला ठरावीक हिस्सा आणि मान. त्याआधी त्यांच्या दत्तकाला चुलत्याने, अमरसिंगाने, हरकत घेतलेली. तो अकरा वर्षं गादीवर बसला आणि मग कंपनीने निवाडा करून सरफोजींना बसवलं. असा हा माणूस. राज्य हातचं गेल्यावर चार वर्षांनी त्याने आपली सगळी वंशावळ सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या राजाच्या भिंतीवर खोदून घेतली. ज्याच्या हातून सातबारा गेला त्याला वंशावळ लिहून ठेवावीशी वाटते, हे मला समजण्यासारखं वाटलं.

दादाला हे बोलले नाही. सातबारा हा शब्द त्या दिवशी मला पहिल्यांदा काढायचा नव्हता.

राजवाडा आणि सरस्वती महाल मी उगाच लांबवत नाही; त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. फ्लॅक्समनने घडवलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळा तिथे आहे, हात जोडलेला. संग्रहालयाच्या काचेआड सरफोजींच्या धन्वंतरी महालातल्या नेत्ररोग्यांचे कागद आहेत, दुखऱ्या डोळ्यांची चित्रं काढून रंगवलेली, आणि ती मला सगळ्या चोळ ब्राँझपेक्षा जास्त आवडली. मोडी कागदांची बाडं आत आहेत, ती आपल्याला कोण दाखवणार. दादाने बाहेरच्या दुकानातून नातीसाठी मान हलवणारी तंजावर बाहुली घेतली, चार तुकड्यांची, वरचा तुकडा खिळ्यावर टेकवलेला. तंबीने ती गाडीत डॅशबोर्डवर ठेवली. खड्डा आला की ती सगळ्याला हो म्हणायची.

जेवताना सांबाराची गोष्ट झाली. संभाजीराजांवरून सांबार, तंजावरच्या भटारखान्यात आमसूल संपलं म्हणून चिंच घातली वगैरे. याला कागदाचा पुरावा नाही हे दादालाही ठाऊक आहे, पण सावलीच्या प्रकरणानंतर तो स्वतःच म्हणाला, "हीपण खोटीच असेल म्हण." मी म्हटलं, सांबार तरी खरं आहे, वाढ आणखी.

*

मग त्याने ती गोष्ट काढली जी माझ्या मते तो सकाळपासून राखून होता. केळीच्या पानावर ताक आलं होतं.

शहाजीराजे १६६४ साली गेले, होदिगेरेला, घोड्यावरून पडून. कर्नाटकातली त्यांची जहागीर व्यंकोजींच्या ताब्यात राहिली. शिवाजीमहाराज तिकडे, व्यंकोजी इकडे. सावत्र भाऊ, लहानपणीही एका घरात फार राहिलेले नाहीत. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेतलं. १६७७ मध्ये महाराज दक्षिणेच्या स्वारीवर आले आणि जुलैत कोळ्ळिडम नदीच्या काठी तळ देऊन धाकट्या भावाला भेटीला बोलावलं. भेट झाली, मेजवान्या झाल्या. मग महाराजांनी विषय काढला: वडिलांची मिळकत, तेरा वर्षं तुम्ही एकट्याने खाल्लीत, आमचा अर्धा वाटा द्या. व्यंकोजी हो म्हणेनात, नाही म्हणेनात. आणि एका रात्री उठून, चार माणसांनिशी, नदी ओलांडून तंजावरला पळाले.

"रात्री, तराफ्यावरून," दादा म्हणाला. "सख्खा नसला तरी भाऊ. काय खाणार होता का? सरळ बसून बोलायचं."

पुढे लढाई झाली, व्यंकोजी हरले, तह झाला. मध्यस्थी व्यंकोजींच्या पत्नीने, दीपाबाईंनी केली असं सांगतात. आणि महाराजांनी बंगळूर आणि आसपासचे महाल दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिले.

"बघ," दादा म्हणाला, "मन केवढं!"

माझ्या मनात चोळीबांगडी अडकली. दीपाबाईंना बंगळूर. मला, वहिनीच्या बोलण्यावरून, पैठणी मिळणार होती.

पण अडकलं ते तेवढंच नव्हतं. ही गोष्ट दादा लहानपणापासून सांगतो आणि सांगताना तो नेहमी महाराज असतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोजून बघितलं. वाटा कोण मागतंय? कोणीच नाही. मी मागितलेलाच नव्हता. ताबा कुणाकडे? खंड दादाच्या खात्यात येतो, पाच वर्षं. म्हणजे तो व्यंकोजी. हे जमवून मला फार बरं वाटलं, ताकाचा घोट घेण्याइतपत. आणि मग लक्षात आलं की हो न म्हणणारी, नाही न म्हणणारी आणि रात्री तराफ्यावर बसणारी आठ महिने मीच होते. माझं नेटवर्क जात होतं.

"ती जागा कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठली?"

"तळ पडला होता ती. तिरुमलवाडी."

दादाला सांगता येईना. एकतीस वर्षं त्याने ती गोष्ट याच टेबलावर सांगितली होती. जागा बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्याने तंबीला विचारलं, तंबीने दोनदा नाव उच्चारून घेतलं आणि एकदम हसला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतली तिरुमलवाडी म्हणजे तिरुमळपाडी. आपण तिची वाडी करून टाकली आहे. कोळ्ळिडमच्या उत्तर तीरावर, तंजावरहून तासाभरावर. त्याला गाव चांगलं माहीत होतं. तिथे दरवर्षी नंदीचं लग्न लागतं, आणि ते लग्न बघितलं की बघणाऱ्याचंही लवकर जमतं. त्याची आई दोन वर्षं मागे लागली आहे. हे सांगताना तो लाजला. शिवाजी नावाचा राजा तिथे राहिला होता याची त्याला काही खबर नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं.

*

तंजावरहून तिरुवैयारूपर्यंत एकामागून एक नद्या लागतात, पुलांवर पूल. तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी. गेल्या महिन्यात आराधना होऊन गेलेली, मांडवाचे बांबू अजून रचून ठेवलेले. दादा म्हणाला, थांबायचं का? आणि सवयीने सांगून टाकलं की त्यागराजांनी राजाचं बोलावणं नाकारलं म्हणून चिडून थोरल्या भावाने त्यांच्या पूजेतली रामाची मूर्ती कावेरीत फेकून दिली. सांगून झाल्यावर तो स्वतःच गप्प झाला. मी म्हटलं, "या मुलखात भावांखेरीज कुणी राहतच नव्हतं का रे?"

समाधीची आजची वास्तू बंगळूर नागरत्नम्मांनी स्वतःचे दागिने विकून उभी केली, आणि तिथे बायकांना गायला मिळत नव्हतं म्हणून भांडल्या. हे मला ठाऊक होतं. दादाला नव्हतं. मी सांगितलं, त्याने ऐकलं.

मग कोळ्ळिडम. पूल संपता संपत नाही एवढं पात्र आणि त्यात फेब्रुवारीत जवळजवळ सगळी वाळू. मधून मधून पाण्याच्या दोन-तीन बारक्या धारा, त्यांत बगळे. पूल ओलांडून डावीकडे नदीच्या कडेकडेने गेलो. गाव साधं. देऊळ मोठं, वैद्यनाथाचं, चारला उघडणारं. महाराजांच्या तळाची खूण म्हणावं असं आम्हाला काही दिसलं नाही, ना पाटी, ना चौथरा. आम्ही काठावरच्या पायऱ्यांवर बसलो. तंबी जवळच्या दुकानातून तीन शहाळी घेऊन आला, एक आमच्यापासून लांब जाऊन प्यायला. समजूतदार मुलगा. बहुतेक भाषा कळत नसली तरी फाइल कळली असावी. कारण दादाने ती हातात घेऊन आणली होती.

"आता बोलूया का?" तो म्हणाला.

मला पळायला जागा नव्हती. नदीत पाणीसुद्धा नव्हतं.

तो आधी बोलला. घराचे पत्रे त्याने बदलले, दोनदा. अण्णांच्या हॉस्पिटलचं बिल त्याने भरलं. आईसाठी दर महिन्याला पैसे पाठवले, एक महिना चुकला नाही. विहिरीची मोटर. तो आकडे सांगत गेला, त्याला सगळे पाठ होते, आणि ते सगळे खरे होते. मग म्हणाला, "तुझं सगळं छान आहे. तुला तिथे काय करायचंय? मी तिकडे जाऊन राहणार. निदान प्रयत्न करणार. एकतीस वर्षं परक्या गावात काढल्यावर कुठेतरी आपलं काहीतरी पाहिजे ना चिमे."

हे त्याने पहिल्यांदा सांगितलं. मसुद्यात नव्हतं.

मग मी बोलले. आई सहा वर्षं माझ्याकडे होती, त्यातली शेवटची दोन अंथरुणावर. तिचं रात्री तीनदा उठवणं, कपडे बदलणं, मला दादाच्या नावाने हाक मारणं. याचा आकडा मला पाठ नाही, कारण मी तो कधी काढला नाही. मी काही दुसऱ्यासाठी केलं नाही, माझीच आई. पण वकिलाच्या कागदात मी ‘प्रेमापोटी आणि कोणताही मोबदला न घेता’ अशी आले आहे, ते वाचून मला धाकटी आत्या दिसली. पडवीत बसलेली.

"तू कधी बोलली नाहीस," दादा म्हणाला.

"तू कधी विचारलं नाहीस. मसुदा पाठवलास."

"मग काय, तुला अर्धं हवंय?"

"ते पुढचं. आधी अर्धं माझं आहे असं म्हण."

"कायद्याने आहेच की."

"कायद्याने नको. तू म्हण."

त्याने नाही म्हटलं. तो शहाळ्याच्या आतलं खोबरं चमच्याने खरवडत राहिला, बराच वेळ, खोबरं संपल्यावरही. पलीकडच्या तीरावर एक माणूस वाळूतून सायकल ढकलत चालला होता. चालवता येत नव्हती, सोडताही येत नव्हती. देवळाचं दार उघडल्याची घंटा झाली. मला वाटलं, उठेल आता आणि म्हणेल चला, दर्शन घेऊ.

"वरची पट्टी की खालची?" त्याने नदीकडे बघत विचारलं.

मला क्षणभर कळलं नाही.

"जमिनीची. वरची घेशील की विहिरीकडची?"

"विहिरीकडची," मी म्हटलं.

"विहिरीकडची तर कुणालाही हवीच असणार," तो चिडून म्हणाला. आणि चिडला म्हणून मला एकदम हलकं वाटलं. तो दुकानदाराशी चिडतो तसा चिडला होता, समोर कुणीतरी देवाणघेवाण करणारं असल्यासारखा. मग आम्ही पाऊण तास भांडलो. बांध कुठून घालायचा, आंब्याचं झाड कुणाच्या हद्दीत, घर कसं वाटणार, दोन खण आहेत तर एकेक, पण मोरी एकच आहे. खंडाचे पाच वर्षांचे पैसे. पत्र्यांचे पैसे. आवाज चढले तेव्हा तंबीने एकदा लांबून बघितलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. काहीच ठरलं नाही. मोरीवर तर अजिबात नाही.

देवळात जाऊन आलो. तंबीने नंदीपुढे कापूर लावला, आम्ही न विचारल्यासारखं केलं.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. फाइल पुन्हा सीटच्या खिशात गेली, बाहुली पुढे मान हलवत होती. दादा डोळे मिटून बसला होता, पण झोपला नव्हता. तिरुची जवळ आल्यावर वहिनीचा फोन आला. गाडीत सगळं ऐकू येतं. तिने विचारलं, कसं झालं, झालं का?

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. "नाही," तो म्हणाला. "मोजणी आणावी लागेल."

वहिनी पुढे काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. त्याने आवाज कमी केला होता.